बाहेरचं दार

१

आमच्या ऑफिसात सकाळ सुरू व्हायची एक ठरलेली रीत होती. आधी एसी लावायचा, मग खालच्या प्रेसला शिव्या घालायच्या, मग बाईला उठवायचं.

ऑफिस म्हणजे अंबत्तूरच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत एका शेडच्या डोक्यावर बांधलेल्या दोन खोल्या. खाली वॉशर कापायचा प्रेस दिवसभर दणके देई आणि प्रत्येक दणक्याला माझ्या टेबलावरची पाण्याची बाटली शहारे. वर आम्ही गेम बनवत होतो. हे लोकांना सांगितलं की ते आधी हसतात आणि मग विचारतात, "आणि नोकरी?" हीच नोकरी. मी शर्मिष्ठा, मूळची साताऱ्याची. नवरा, अद्वय, इथून जवळच आवडी नावाच्या गावातल्या संरक्षण कारखान्यात लागला म्हणून इकडे तमिळ मुलखात आले आणि राहिले. गेममधली घरं, खोल्या, बोळ मी आखते. ते चालतं करण्याचं काम हरिणीचं. हरिणी तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातली. तिचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, ही मुलगी माझी चेष्टा करतेय. "मज कळलं नाहीं अक्का" असं कुणी खरंच बोलतं हे मला माहीत नव्हतं.

आमचा गेम होता भुलभुलैयाचा. खोलीतून खोली निघणारं एक घर, त्यात एक बाई वाट चुकलेली, तिला बाहेर काढायचं. बटणं नाहीत. खेळणाऱ्याने एक खरीखुरी बाहुली हातात घ्यायची आणि तारा जोडलेल्या एका चौकोनावर उभी करायची. त्या चौकोनाला आम्ही पाट म्हणायचो. बाहुली वळवली की पडद्यावरची बाई वळे, पुढे झुकवली की चालू लागे. विकायची बाहुली पुढे प्लास्टिकची होणार होती, पण नमुन्यासाठी हाताला वजन लागेल असं काहीतरी हवं होतं, म्हणून हरिणीने घरून लाकडी बाहुली आणली, 'मरप्पाची' म्हणतात तिला त्यांच्याकडे. रक्तचंदनाची जुनी बाहुली, नाकडोळे झिजून गेलेले, पोट हातांनी गुळगुळीत झालेलं. तिच्या पायाखाली आम्ही एक चिप चिकटवली आणि तिला 'बाई' म्हणू लागलो.

खेळ थांबवायची युक्ती माझी. हरिणीने चहा पिताना सांगितलं होतं की त्यांच्याकडे नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, कोलु म्हणतात त्याला, आणि दसऱ्याच्या संध्याकाळी आरती करून एक बाहुली आडवी निजवतात. तिला निजवली की कोलु संपला. मी तिथेच टेबलावर हात मारला. खेळ थांबवायचा असला की बाहुली पाटावर निजवायची. पडदा अंधारेल, बाईचा श्वास ऐकू येईल. पुन्हा उभी केली की खेळ सुरू. आम्हा दोघींना ते फार गोड वाटलं.

श्वास कीर्तनाचा होता. कीर्तना माझी मुलगी, पहिलीत आहे. आमच्या धंद्यात आवाज घरचेच वापरतात. गेममधलं करकरणारं दार आमच्या बाथरूमचं आहे, बाईची पावलं म्हणजे फरशीवर आपटलेलं लाटणं. तसाच एका रात्री मच्छरदाणीत फोन ठेवून मी पोरीचा झोपेतला श्वास रेकॉर्ड केला, पंख्याची घरघर काढून टाकली आणि त्याचा छोटा तुकडा करून तो संपला की पुन्हा वाजेल असा फिरता ठेवला. अद्वयला ऐकवला तर तो म्हणाला, "ही तर आपली." मला अभिमान वाटला होता.

२

एका दुपारी जेवून आल्यावर मी बाईला निजवलं आणि हेडफोन न काढताच दुसऱ्या कामाला लागले. श्वास चालू होता. तो तुकडा मी इतक्यांदा ऐकला होता की नाकातली बारीक शिट्टी त्यात कुठे येते हे मला पाठ होतं. शिट्टी आली, गेली, पुन्हा आली.

मग खोकला आला.

मी हात थांबवला. त्या तुकड्यात खोकला नव्हता. मूळ फाइल उघडून ऐकली, तिच्यात काही नव्हतं. खेळाकडे परत आले तर पुन्हा खोकला, ओला, आणि नंतर घसा खाकरल्याचा आवाज.

"हरिणी, आवाज बदललास का गं?"

"मी कशाला हात लावूं अक्का? तुमचे आवाज तुम्हीच बघतां."

खाली प्रेस दणदणत होता. कुठला तरी माइक चालू राहिला असेल, खालचा एखादा कामगार खोकला असेल, असं मी म्हटलं. दणके मात्र हेडफोनमध्ये येत नव्हते, हे मला तेव्हाच लक्षात आलं आणि मी ते बाजूला सारलं. कारण शोधायला बसलं की एखादं बरं कारण सापडतंच. मी वैतागून बाहुली उभी केली आणि खेळ पुढे नेला.

थोड्या वेळाने शाळेची व्हॅन आली. कीर्तना शाळेतून थेट ऑफिसातच येते. व्हॅनवरची बाई, विजयालक्ष्मी, तिला जिन्यावरून वर घेऊन आली आणि तमिळमध्ये सांगू लागली की आज पोरगी वर्गातच बाकावर झोपली, मिस हलवून थकल्या, उठेना. मग एकदम आपणच उठून बसली. खोकलाही आहे, पाणी उकळून द्या.

विजयालक्ष्मी गेल्यावर मी कीर्तनाच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता.

"रात्री झोप नाही का झाली नीट?"

"झाली की," ती दप्तर काढत म्हणाली. "मला झोप आली नव्हती आई. तरी झोपले."

३

मी काही खुळी बाई नाही. दोन गोष्टी एका दुपारी घडल्या म्हणून त्यांचा संबंध जोडणाऱ्यांना मी आयुष्यभर हसत आले. म्हणूनच मी ते तपासायचं ठरवलं. तपासलं की डोक्यातून जाईल, एवढाच हेतू होता.

हरिणीला मी काहीच सांगितलं नाही. आतल्या खोलीत बसून काम करता करता तुला वाटेल तेव्हा एकदा बाईला निजव, एवढंच म्हटलं. मी बाहेर कीर्तनासमोर बसले. ती रंगवत होती आणि वर्गातल्या एका मुलाने खोडरबर कसं खाल्लं ते सांगत होती.

"आणि मग ना मिसने त्याला तोंड उघडायला लावलं, तर त्याच्या..."

तिच्या हातातला निळा खडू कागदावरून खाली घसरत गेला. रेघ कागद सोडून टेबलावर आली. डोकं हातावर टेकलं आणि नाकातली ती बारीक शिट्टी सुरू झाली.

आतून हरिणी म्हणाली, "निजवली अक्का."

"उठव," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "आत्ता उठव तिला."

कीर्तनाने डोकं उचललं. "...दाताला चिकटलं होतं," ती म्हणाली, आणि पुन्हा रंगवू लागली.

मग मी हरिणीला सगळं सांगितलं. तिने हसावं, मला मूर्खात काढावं, असं मला फार वाटत होतं. ती हसली नाही. तिने फोन उचलून तिच्या अप्पांना बोलावलं.

बालाजीराव दुसऱ्या दिवशी आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं हळू. खेळात त्यांना स्वतःहून काही खटकतं का ते पाहायचं म्हणून कीर्तनाचं त्यांना आधी काही सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. हरिणीने फक्त खेळ दाखवला. बाहुली निजवायची, उठवायची. ते बराच वेळ बाहुलीकडे बघत राहिले.

"रोज निजवतां?" त्यांनी मला विचारलं.

"दिवसातून पुष्कळदा."

"आणि मग उठवतां." ते खुर्चीत सावरून बसले. "अम्चे घरी निजवलेली बोम्मई मधेंच उठवत नाहींत, अम्मा. पुढलं नवरात्र येईतंवर निजूं देतात."

"उठवली तर काय होतं?"

त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. असा प्रश्न त्यांना कधी पडलाच नसावा. "उठवत नाहींत," ते पुन्हा म्हणाले.

त्या दिवसापासून मी बाईला निजवू दिलं नाही. शनिवारी बाहेरच्या लोकांना खेळ दाखवायचा होता, तोवर ती उभीच ठेवायची आणि मग एकदाची नीट, रीतीने निजवून घरी पाठवायची, असं मी ठरवलं. बालाजीरावांनी ते मानलं. मला तो मार्ग सरळ वाटला. चुकीचं काही केलं असेल तर ते शास्त्राप्रमाणे संपवावं, यात कुठे काय बिघडणार होतं?

शनिवारसाठी आम्ही दोघींनी जीव टाकून काम केलं. आतापर्यंत बाई उठली की पुन्हा पहिल्या खोलीत, उंबऱ्याशी उभी राहायची. हरिणीने ते सुधारलं. आता ती जिथे निजेल तिथेच उठणार होती. पहिल्या खोलीचं दार मात्र तिच्या पाठीमागे बंद व्हायचं ते कायमचं, तसा खेळच होता. आणि बाहेर पडायचं दार मी अजून केलंच नव्हतं. दाखवायला पुरतील तेवढ्याच खोल्या केल्या होत्या आणि शेवटच्या भिंतीवर दाराचं एक चित्र चिकटवलं होतं. सगळे असंच करतात. पुढचं पुढे बघू.

खेळ लोकांना आवडला. संध्याकाळी बालाजीराव कापूर घेऊन आले. बाई शेवटच्या खोलीत, त्या रंगवलेल्या दारासमोर उभी होती. "जिथं उभी अहे तिथंच निजवायची," ते म्हणाले, आणि त्यांनी जुन्या वळणाच्या मराठीत एक आरती म्हटली, अगदी हलक्या आवाजात. मग दोन्ही हातांनी तिला पाटावर आडवं केलं. पडदा अंधारला. ते तिला धुवट कापडात गुंडाळून पेटीत ठेवत होते तेव्हा मी लॅपटॉप बंद केला. मला फार हलकं वाटलं. घरी गेले तर अद्वय म्हणाला, पोरगी आज दमली होती, संध्याकाळीच झोपली, जेवायलाही उठली नाही.

मी तिच्या अंगावर चादर घातली. रविवार होता दुसऱ्या दिवशी. झोपू दे म्हटलं.

४

सकाळी कीर्तना उठली नाही.

आधी आम्ही हाका मारल्या, मग गुदगुल्या केल्या. मग अद्वयने तिला उचलून बसवलं, तर मान त्याच्या खांद्यावर कलली. तोंडावर पाणी मारलं. पापणीसुद्धा हलली नाही. श्वास चालू होता, शिट्टीसकट, अगदी संथ. मी तिचे तळपाय चोळत राहिले आणि मला सगळं कळलेलं होतं. मी फक्त ते स्वतःशी म्हणत नव्हते.

शेजारच्या ब्लॉकमधले डॉक्टर सेतुमाधव आले. नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, गुडघ्यावर टिचकी मारली. "सगळं ठीक आहे," ते म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा ठीक नव्हता. दुपारपर्यंत नाही उठली तर हॉस्पिटलमध्ये हलवू, मी गाडीला सांगून ठेवतो, असं सांगून ते गेले.

मी पर्स उचलली.

"कुठे?" अद्वयने विचारलं.

मी त्याला सांगितलं. बाहुली, श्वास, खोकला, निळी रेघ. उभ्या उभ्या सगळं. सांगताना ते किती वेडगळ वाटतंय हे मला ऐकू येत होतं.

"पोरगी अशी पडलीय," तो शांतपणे म्हणाला, "आणि तू ऑफिसला चाललीस."

"तू तिच्याजवळ बस. फोन चालू ठेव आणि तिच्या उशाशी ठेव. एवढं कर माझ्यासाठी."

फोन त्याने उशाशी ठेवला. आमच्या लग्नाला पुष्कळ वर्षं झाली आहेत. त्याने फोन ठेवला, तेवढ्यासाठी मी त्याला जन्मभर कशावरूनही बोल लावणार नाही.

अंबत्तूरला पोचले तेव्हा खालची शेड बंद होती. प्रेस नाही, दणके नाहीत, बाटली टेबलावर स्थिर. त्या खोलीला स्वतःचे असे आवाज आहेत हे मला त्या दिवशी प्रथम कळलं. एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं. पत्र्यावर कावळा चालत होता. निघतानाच मी हरिणीला कळवलं होतं; ती आणि बालाजीराव माझ्या आधीच आले होते, पेटी बालाजीरावांच्या मांडीवर.

आता त्यांना कीर्तनाचंही सगळं माहीत होतं. त्यांचा चेहरा एका रात्रीत ओढल्यासारखा झाला होता.

"हें मी कधीं केलं नाहीं," ते म्हणाले. "माझे वडिलांनीं केलं नाहीं."

"अप्पा, मुलगी अहे," हरिणी म्हणाली.

त्यांनी स्वतःच कापड सोडलं. "माझे हातांनीं निजवली. माझेच हातांनीं उठवतों."

५

बाहुली पाटावर उभी राहिली आणि पडदा उजळला.

"काही नाही," फोनमधून अद्वय म्हणाला. "तशीच आहे."

मी पडद्याकडे पाहत होते. बाई शेवटच्या खोलीत निजली होती, तिथेच तिने उठायला हवं होतं. ती तिथे नव्हती. ती एका अशा खोलीत होती जी मी आखलेली नाही. त्या घरातली एकूण एक वीट माझी आहे, मला हे शपथेवर सांगता येईल. ही खोली ठेंगणी होती. लाल जमीन, पुष्कळ पावलांनी घासून चकाकलेली. भिंतीला लागून ओळीने काहीतरी निजवलेलं होतं, कापडात गुंडाळून, लहान-लहान. ओळ पडद्याच्या बाहेरपर्यंत जात होती. ती कुठवर जाते हे मी बाईला वळवून पाहिलं नाही.

"ही कुठली खोली अक्का?" हरिणीने विचारलं.

मी बाहुलीला हात लावला. लाकूड कोमट होतं. पेटीतून आत्ताच काढलेलं, उन्हातून आणलेलं, असेल कोमट. मी तिला वळवलं. कोपऱ्यात एक अरुंद बोळ होता, त्यातून बाई तिरकी होऊन निघाली आणि माझ्या ओळखीच्या पडवीत आली. इथून पुढे मला डोळे मिटून वाट माहीत होती.

मी बाहुली झुकवली. लाटण्याची पावलं वाजू लागली, टक, टक, टक. पडवी संपून दोन दारांपाशी मी थांबले.

टक.

हरिणीने माझ्याकडे पाहिलं. "आवाज घुमतो कां?"

"नाही. तसं काही ठेवलेलंच नाही मी."

पुढे गेले. थांबले. बाई थांबली, आणि तिच्या मागे एक पाऊल जास्त पडलं. मी पुन्हा थांबून पाहिलं नाही. मधल्या खोल्या, कोठीची खोली, विहिरीचा चौक, सगळं मागे टाकत मी तिला शेवटच्या खोलीत आणलं. समोर भिंत. भिंतीवर दाराचं चित्र.

मी बाहुली त्या चित्राच्या दिशेने झुकवली. बाई भिंतीला कपाळ टेकून जागच्या जागी चालत राहिली. फोनमधून कीर्तनाचा श्वास येत होता. तो आता जलद झाला होता.

"शर्मिष्ठा, तिला घाम फुटलाय," अद्वय म्हणाला. "मी गाडी बोलावतो."

"बोलाव. पण उचलू नकोस अजून. मी दार करतेय."

मी हरिणीला खुर्चीतून उठवलं.

दार करणं फार कठीण नसतं. खेळ चालू ठेवूनही भिंत बदलता येईल अशी सोय आम्ही आधीच करून ठेवली होती. मी हरिणीच्या मशीनवर बसले. बालाजीराव बाहुलीसमोर जमिनीवर मांडी घालून बसले आणि त्यांनी ती दोन्ही हातांनी उभी धरली, ती कलू नये म्हणून. मी भिंत कापली. चौकट बसवली. पल्ला टांगला, तो आत ढकलला की उघडेल असा हुकूम लिहिला.

"बाहेर काय ठेवतां अक्का?" हरिणीने विचारलं.

दाराच्या पलीकडे काहीच नव्हतं. नुसता काळा रंग. तिथे मी माझ्या पोरीला पाठवणार नव्हते. मग मी तिची खोली केली. मला ती बघून बघून पाठ होती. भिंतीशी पलंग, निळा पडदा, खिडकीखाली टेबल, छताला पंखा. घाईत केलेली, वाकडीतिकडी, पण तिची. पलंग दोनदा जमिनीत बुडाला, तो मी पुन्हा वर उचलला.

स्पीकरमधून मधूनच एक पाऊल वाजत होतं. बाहुली बालाजीरावांच्या हातात होती आणि ती हलत नव्हती. टक. मग बराच वेळ काही नाही. टक. बालाजीराव पडद्याकडे पाठ करून बसले होते. त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही, पण त्यांचे ओठ हलत होते.

"आता," मी म्हटलं.

मी त्यांच्या समोर बसून बाहुली त्यांच्या हातांवरूनच झुकवली. बाईने पल्ल्याला हात लावला. आमच्या बाथरूमचं दार करकरलं. बाई उंबरा ओलांडून त्या वाकड्या खोलीत आली आणि पलंगाच्या पायथ्याशी थांबली.

फोनमधला श्वास थांबला.

तेवढा वेळ मी कशी जगले ते मला सांगता येणार नाही. हरिणीने माझा दंड धरला होता, त्याचे वळ नंतर उमटले. मग अद्वयचा आवाज आला, फुटलेला, ओला.

"उठली. शमू, उठली गं. डोळे उघडलेत तिने."

आणि मागून माझ्या पोरीचा झोपाळू आवाज. "आई कुठेय?"

६

मी रडले. लाज न बाळगता, जमिनीवर बसून, मोठ्याने रडले. हरिणी माझ्या पाठीवर हात फिरवत होती आणि तीही रडत होती. "मी येतेय राजा," मी फोनला सांगत होते. "आई निघालीच."

"पाणी पितेय," अद्वय म्हणाला. "भूक लागली म्हणतेय. मी गाडी नको म्हणून कळवतो." तो हसत होता. त्याला असं हसताना मी कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

बालाजीराव हसत नव्हते. ते आता पहिल्यांदाच पडद्याकडे वळले होते.

"दार लावा, अम्मा," ते म्हणाले.

मी डोळे पुसून वर पाहिलं. पलंग, निळा पडदा, पलंगाशी उभी बाई. तिच्यामागे दार सताड उघडं होतं आणि दाराबाहेर माझी शेवटची खोली, अंधारी.

"लावा कीं अत्तां."

मी मशीनकडे धावले. पल्ल्याचा हुकूम उघडला. उघडायचं लिहिलं होतं. लावायचं लिहायचं राहिलं होतं. मी लिहू लागले, बोटं चुकली, खोडलं, पुन्हा लिहू लागले. टक. आवाज आधीपेक्षा जवळून आला. टक. अंधाऱ्या खोलीत, उंबऱ्याच्या पलीकडे, जमिनीपासून फारशा उंच नसलेल्या जागी, पांढऱ्या कापडाची एक कड दिसली आणि चौकटीच्या आड झाली.

मी पाटाची तार ओढून काढली. बाहुली कलंडली, ती बालाजीरावांनी छातीशी धरली. मी लॅपटॉपचीही तार उपटली आणि झाकण आपटून बंद केलं. स्पीकर मेले. पडदा मेला. खोलीत फक्त बादलीत पडणारं पाणी ऐकू येत होतं.

आम्ही तिघं एकमेकांकडे पाहत उभे राहिलो. काही वाजलं नाही. हरिणीने श्वास सोडला.

टक.

तो आवाज माझ्या हातातल्या फोनमधून आला.

"कोण?" अद्वय म्हणाला. मला नव्हे. तोंड फोनपासून वळवून, खोलीच्या दाराकडे बघून म्हणाला असावा. "कोण आहे तिकडे?"

मी त्याचं नाव घेऊन ओरडले. त्याला ऐकू गेलं की नाही, ठाऊक नाही. पलंग करकरला, कुणीतरी उठून बसल्यासारखा. मग माझ्या मुलीचा आवाज आला, अगदी स्वच्छ, पूर्ण जागा.

"येऊ दे ना, बाबा," कीर्तना म्हणाली.